वेल्डर पास झाला, मग प्रोसिजर का नाही?

"आमच्याकडे आयबीआरचा वेल्डर आहे, मग पीक्यूआर कशाला परत?" सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत आणि अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये हा प्रश्न मला आजवर अनेकदा ऐकायला मिळाला. (आयबीआर म्हणजे भारतीय बॉयलर नियम, पीक्यूआर म्हणजे जोडणीची पद्धत तपासल्याची नोंद.) विचारणारे कामचुकार नसतात. साखर कारखान्यांची व्हेसल्स (दाबाची भांडी), प्रोसेस हाउसच्या स्टीम लाइन, डेअरीचे आणि बर्फ कारखान्याचे अमोनिया रिसीव्हर (द्रव अमोनियाच्या टाक्या) यांत हयात घालवलेली माणसं हेच विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

परीक्षा दोन आहेत. एक वेल्डरची, म्हणजे डब्ल्यूपीक्यू. दुसरी प्रोसिजरची, म्हणजे जोडणीच्या ठरवलेल्या पद्धतीची, तिचा निकाल ज्या कागदावर लिहितात तो पीक्यूआर. (डब्ल्यूपीएस हा तिसरा कागद. त्यात वेल्डरनं काय करायचं ते लिहिलेलं असतं आणि पीक्यूआर त्याला आधार देतो.)

गोंधळ होतो कारण बाहेरून दोन्ही परीक्षा सारख्याच दिसतात. दोन्हींत प्लेट बेवल करायची (कड तिरकी कापायची), कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा, जोडायचं, पट्ट्या कापायच्या आणि वाकवायच्या. त्यातच एएसएमई सेक्शन नऊ, म्हणजे वेल्डिंगच्या पात्रतेचा अमेरिकन कोड, असंही सांगतं की प्रोसिजरचं कूपन जोडणारा वेल्डर, कूपन पास झालं तर, स्वतःही त्याच्या मर्यादेत पात्र ठरतो. एका कूपनवर दोघं पास होतात, म्हणून परीक्षाही एकच असावी असं वाटतं.

पण प्रश्न वेगळे आहेत. वेल्डरला विचारलं जातं, तुझ्या हातून निर्दोष धातू भरला जातो का? स्लॅग (रॉडची मळी) अडकला, रूट (सांध्याचा तळ) सुटला, पोरॉसिटी (बारीक छिद्रं) आली, तर हात कच्चा. त्यासाठी बेंड, म्हणजे पट्टी वाकवून बघणं, पुरतं, बऱ्याच वेळा बेंडऐवजी एक्स-रेही चालतो. प्रोसिजरच्या परीक्षेत हात चांगला आहे हे गृहीतच धरलेलं असतं. तिथं प्रश्न असतो की ही प्लेट, हा रॉड, एवढं प्रीहीट (आधी तापवणं), एवढी उष्णता अशी जोडणी केली तर तयार होणारा सांधा त्या कामाला लागणारे गुण दाखवेल का? म्हणून तिथं दोन टेन्साइल (ओढून तोडायच्या) आणि चार बेंड लागतात, आणि एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी तो या चाचण्यांच्या जागी चालत नाही.

चादरीचं उदाहरण घ्या. विणकाराचा हात कसा आहे ते वीण बघून कळतं. रंग पक्का आहे का हे मात्र वीण बघून कळत नाही, चादर धुवावी लागते. धुतल्यावर रंग गेला तर दोष विणकाराचा नसतो.

वेल्डिंगमध्ये हे 'धुऊन बघणं' म्हणजे इम्पॅक्ट टेस्ट. १० × १० × ५५ मिमीचा तुकडा, मधोमध २ मिमी खोल 'व्ही' खाच. ठरलेल्या तापमानाला तो गार करायचा आणि लगेच लंबकाच्या हातोड्यानं तोडायचा. तुटताना किती ज्यूल ऊर्जा खाल्ली ते मोजायचं. तीन तुकडे वेल्ड मेटलमधून, तीन हॅझमधून, म्हणजे शेजारच्या तापून बदललेल्या पट्ट्यातून. कार्बन स्टील गार होत गेलं की एका टप्प्यानंतर चिवटपणा सोडतं आणि काचेसारखं फुटतं. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये 'स्केनेक्टडी' नावाचा नवा टँकर धक्क्याला, शांत पाण्यात उभा असताना दुभंगला. युद्धकाळात फुटलेल्या अशा वेल्डेड जहाजांच्या अभ्यासातूनच थंडीतल्या स्टीलच्या खाच-ठिसूळपणाकडे गांभीर्यानं बघितलं जाऊ लागलं.

"सोलापुरात मे महिन्यात बेचाळीस अंश असतं, इथं कुठली थंडी?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. पण थंडी हवेची नसते, आतल्या द्रवाची असते. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो, प्रोपेन उणे ४२ वर. व्हेसलमधला दाब एकदम सुटला की आतला द्रव उकळत भिंतीची उष्णता ओढतो आणि बाहेर ऊन तापलेलं असतानाही प्लेट गारठते. म्हणून ड्रॉइंगवरचं एमडीएमटी, म्हणजे व्हेसलसाठी धरलेलं किमान तापमान, बघायचं, कॅलेंडर नाही.

इम्पॅक्टची अट आली की वेल्डरच्या परीक्षेत काहीच बदलत नाही. त्याला इम्पॅक्ट टेस्ट नसतेच. प्रोसिजरचा कायदा मात्र एकदम कडक होतो. ज्या गोष्टी एरवी बदलल्या तरी चालतात त्या आता बदलता येत नाहीत. कोडमध्ये त्यांना सप्लिमेंटरी इसेन्शियल व्हेरिएबल म्हणतात.

सगळ्यात जास्त फसगत जाडीत होते. १२ मिमीचं कूपन साध्या कामाला ५ पासून २४ मिमीपर्यंत चालतं. इम्पॅक्टची अट असेल तर खालची हद्द ५ राहत नाही, कूपनच्या जाडीवर किंवा १६ मिमीवर, जे कमी असेल तिथं येते. म्हणजे आपल्या कूपनला १२. आता शेल (व्हेसलचं अंग) १२ मिमीचं आणि नोझल पाइप (त्याला जोडलेलं तोंड) ८ मिमीचा असेल तर त्या पाइपला हा पीक्यूआर लागू नाही. ऑर्डर घेताना हे कोणी बघत नाही आणि मग व्हेसल उभं राहिल्यावर इन्स्पेक्टर बोट ठेवतो.

पोझिशनचं उलट आहे. वेल्डरसाठी पोझिशन कायमच महत्त्वाची, १जी (सपाट) पास झालेल्याला ३जी (उभा सांधा) देता येत नाही. साध्या प्रोसिजरला पोझिशनचं काही नसतं, सपाट जोडलेलं कूपन सगळीकडे चालतं. पण इम्पॅक्ट असेल तर खालून वर चढत जाणारं वेल्डिंग आधी सिद्ध करावं लागतं, कारण त्यात हात सावकाश चालतो आणि धातूत उष्णता जास्त जाते.

मुदतही वेगळी. सहा महिने त्या प्रोसेसनं काम केलं नाही तर वेल्डरची पात्रता संपते. पीक्यूआरला मुदत नाही. पण तो दुसऱ्या कंपनीकडून आणून आपल्या फाइलला लावता येत नाही. कूपन आपल्याच देखरेखीखाली जोडलं गेलं पाहिजे, तुकडे कापून टेस्ट करायला ते बाहेरच्या लॅबला पाठवता येतं. उसनवारीचे पीक्यूआर मी फाइलींमध्ये पाहिलेत. ते बघून वाईट वाटतं, कारण त्या कागदामागे आपला सांधा नसतो.

हे सगळं मला कळलं ते एका अमोनिया रिसीव्हरच्या कामात. एमडीएमटी उणे ४० आणि ग्राहकाची प्रोसिजरच्या इम्पॅक्टची स्पष्ट अट. रॉड विचार करून ७०१८-१ घेतला होता. साधा ७०१८ उणे ३० ला तपासलेला असतो, हा उणे ४५ ला. आमच्या अण्णांनी ३जी कूपन जोडलं. कॅपिंग (सगळ्यात वरचा थर) असं की हात फिरवत राहावं. एक्स-रे क्लिअर, टेन्साइल पास, चारही बेंड पास. आणि वेल्ड मेटलच्या तीन तुकड्यांचे ज्यूल पार खाली.

अण्णा दिवसभर गप्प होते. संध्याकाळी म्हणाले, "साहेब, माझ्या हाताला तीस वर्षं झाली."

दोष हाताचा नव्हताच. आम्ही नोंदी काढल्या. २३ व्होल्ट, ११० अँपिअर, आणि रुंद झुलवत चढल्यामुळे वेग मिनिटाला जेमतेम ५५ मिमी. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले वेग: मिलिमीटरला सुमारे २७६० ज्यूल हीट इनपुट. इतक्या उष्णतेत धातू सावकाश गार होतो आणि कण मोठे वाढतात. शिवाय थर जाड असल्यानं, वरचा थर खालच्याला पुन्हा तापवून त्याचे कण बारीक करतो, तेही नीट झालं नव्हतं.

दुसरं कूपन त्याच प्लेटचं, तोच रॉड, तेच अण्णा. फक्त झुलवणं कमी केलं, थर पातळ आणि जास्त ठेवले, वेग १०० मिमीवर आणला. हीट इनपुट १५०० च्या आसपास. सहाही तुकडे पास झाले. त्या आकड्यानं मग डब्ल्यूपीएसची वरची हद्द ठरली. शेडमध्ये प्रत्येकाला मीटर बघत बसणं जमत नाही, म्हणून एका रॉडमध्ये किमान किती लांबीचा रन निघाला पाहिजे ते खडूनं प्लेटवर आखून दिलं.

पहिलं कूपन वायाही गेलं नाही. टेन्साइल आणि बेंड पास असल्यानं इम्पॅक्टची अट नसलेल्या कामांना तो पीक्यूआर चालतो, आजही फाइलीत आहे. आणि अण्णांचं ३जीचं सर्टिफिकेट त्याच कूपनवर निघालं, त्यावर तारीख पहिल्या कूपनची आहे.