ट्राउटचा हिवाळी घास

2024 च्या फेब्रुवारीत पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर ‘डासांचं वादळ’ उठल्याचे व्हिडिओ घरोघरी फिरले. बातम्यांनी सरसकट डास म्हटलं, पण नदीवर असे उंच खांबासारखे घुमणारे थवे ही मिज नावाच्या कीटकांची ठळक खूण आहे. दिसायला हुबेहूब डास, पण चावत नाहीत. कुळाचं नाव कायरोनोमिडी. त्यांच्या अळ्या तळच्या गाळात राहतात. काही जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लालभडक दिसतात आणि ऑक्सिजनची मारामार असलेल्या चिखलातही तगतात. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात त्या याच.

पुणेकरांनी ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्याच भाऊबंदांवर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या सॅन हुआन नदीतला ट्राउट मासा अख्खा हिवाळा काढतो. तिथे 1962 साली नॅव्हाहो धरण पूर्ण झालं आणि खालच्या नदीची प्रकृतीच बदलली. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंश सेल्सिअसला, त्यामुळे जलाशयाच्या तळाशी थंडगार पाणी बसून राहतं. धरणातून सोडतात ते हेच खोलवरचं पाणी. उन्हाळ्यात ते तापत नाही आणि जानेवारीत काठावर बर्फ असला तरी गोठत नाही. अशा पाण्यात बाकीचे कीटक थंडीत जवळपास दिसेनासे होतात, मिज मात्र बारा महिने निघत राहतात.

आता गळ टाकणाऱ्यांचा एक लाडका समज : थंडीत मासा भुकेला असतो, तेव्हा घास मोठा द्यावा. पण मासा शीतरक्ताचा. पाणी 6 अंशांवर आलं की त्याचा चयापचय मंदावतो, पचनाला जास्त वेळ लागतो, आणि तो संथ, खोल पाण्यात बसून राहतो. भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. प्रवाहाबरोबर जे तोंडाशी येईल ते तोंड उघडून गिळायचं, एवढंच. आणि तोंडाशी येतात मिज. म्हणून हिवाळी ‘फ्लाय’, म्हणजे गळावर दोरा, तार, पिसं गुंडाळून केलेला खोटा कीटक, चिमुकला असतो. गळाचे आकडे उलटे चालतात : 12 नंबर मोठा, 22 नंबर तांदळाच्या कणीसारखा. सॅन हुआनवर 22-24 नंबरचे गळ सर्रास वापरतात. दोरा ओवताना चष्मा लागतोच.

या फ्लायपैकी ‘झीब्रा मिज’ माझी आवडती. काळा दोरा, त्यावर बारीक चंदेरी तारेचे वेढे आणि डोक्याशी एक चकचकीत मणी. मिजच्या अंगावर पट्टे असतात हे समजतं, पण मणी कशाला?

अळीचा कोष होतो. आत पूर्ण वाढलेला कीटक तयार होतो आणि त्याची कातडी कोषाच्या कातडीपासून सुटते. मधल्या फटीत वायू भरतो, कोष हलका होतो आणि तळ सोडून वर येऊ लागतो. पाण्यातून वायूकडे जाणारा प्रकाश लंबापासून 48.6 अंशांपेक्षा जास्त तिरका असेल तर बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. त्यामुळे वायूचा तो पातळ थर आरशासारखा चमकतो. कुणी म्हणेल, मध्ये कोषाची कातडी आहे, तिचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं माप) वेगळा. असू दे. कातडीच्या दोन्ही बाजू समांतर असतील तर तिच्यात शिरताना किरण जेवढा वळतो त्याचा हिशेब पुढच्या सीमेवर फिटतो. पाण्याचा अपवर्तनांक गुणिले आपातकोनाची ज्या (साइन), ही संख्या थरामागून थर तीच राहते. ती 1 च्या पुढे गेली की वायूत प्रवेश बंद. कातडी कशाची आहे याने कोन बदलत नाही.

मणी हे या चमकेचं सोंग. गंमत अशी की खरा कोष वायूमुळे वर चढतो आणि धातूचा मणी फ्लायला खाली ओढतो. चमक जुळली, चाल उलटी झाली! अनुभवी लोक यावर तोड काढतात : फ्लाय प्रवाहाबरोबर मोकळी वाहू देतात आणि शेवटी गळाची काठी हळूच उचलतात. दोरी ताणली की फ्लाय वर येऊ लागते. पुष्कळदा मासा नेमका तेव्हाच लागतो.

पृष्ठभागाशी पोचलेला कोष तिथे लटकून राहतो, कारण पृष्ठताणाचा पापुद्रा फोडून बाहेर पडायचं असतं. थंड पाण्याचा पृष्ठताण जास्त म्हणून त्याला वेळ लागतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. 20 अंशांना 72.8 आणि 5 अंशांना सुमारे 75 मिलिन्यूटन प्रति मीटर, म्हणजे फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. गारठ्याने त्याचे स्नायूच आखडतात, तेवढं कारण पुरे. माशांचं नाक तेव्हा पृष्ठभागावर हलकेच उमटलं तर ‘ग्रिफिथ्स नॅट’ बांधावी. मोरपिसाचे तंतू आणि कोंबड्याचं करडं पीस यांची ही फ्लाय एकमेकांना चिकटलेल्या मिजच्या पुंजक्यासारखी दिसते.

चंद्राच्या वेळा पाहून मासेमारीचे ‘शुभ तास’ सांगणारी कोष्टकं तिकडेही खपतात. आपले कोळी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण पाहतात त्याला भरती-ओहोटीचा भक्कम आधार आहे. धरणाखालच्या नदीला कसली भरती? तिथे पाणी किती सोडायचं हे धरणावरची माणसं ठरवतात. हिवाळ्यात घड्याळ पाहायचंच तर दुपारचं पाहावं, अकरा ते तीनच्या दरम्यान, हवा जरा उबदार झाली की मिज निघतात.

आणि हे वाचून कुणी हिमाचलात तीर्थनच्या काठी निघाला असेल तर थांबा : तिथे ट्राउटची मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते. तो विणीचा काळ आहे.