पोर्शन पुढे, मूल मागे

शाळेच्या पटावर नाव नाही असं मूल आता आपल्या देशात विरळाच. ‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या ६ ते १४ वयाच्या ९८.१ टक्के मुलांची नावं शाळेत होती. पण तिसरीतल्या मुलांपुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवला, तेव्हा तो २७.१ टक्क्यांनाच वाचता आला. पाचवीतही हा आकडा ४८.८ टक्केच.

शिक्षकांची रिक्त पदं, अपुरा खर्च, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, ही कारणं खरीच आहेत. मला मात्र सर्वांत घातक वाटतो तो वर्गाचा वेग.

अडखळत वाचणारं मूल घ्या. समोर वाक्य आहे, ‘पाऊस पर्जन्यमापकाने मोजतात.’ ‘प’ झाला, पुढच्या ‘ज’वरचा रफार कसा म्हणायचा? ‘न्य’ कसा फोडायचा? आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणारी स्मृती, एका वेळी जेमतेम चारेक गोष्टी धरून ठेवते. ती अक्षरं जुळवण्यातच संपते आणि ‘मोजतात’पर्यंत पोहोचताना ‘पाऊस’ निसटलेला असतो. मूल मंद नसतं, अर्थ लावायला त्याच्या डोक्यात जागाच उरलेली नसते. मग विज्ञान, इतिहास, शाब्दिक गणितं, सगळंच अडतं.

तिसरीचं पुस्तक त्याच्यासाठी थांबत नाही. पोर्शन संपवायचा असतो आणि हा काही शिक्षकांचा हट्ट नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं, असंही तेच कलम सांगतं. पण पोर्शन किती झाला हे विचारणं सोपं, म्हणून विचारलं जातं तेच.

२००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची शास्त्रीय चाचणी झाली. अभ्यासकांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच दोन तास वेगळं बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवायची. ही मुलं स्पष्टपणे सुधारली. वर्गात उरलेल्यांना मात्र गर्दी कमी होऊनही फारसा फायदा झाला नाही! म्हणजे निव्वळ पटसंख्या घटवून भागत नाही, मूल जिथे अडलंय तिथूनच शिकवावं लागतं.

२०२१ पासूनच्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेचा भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे, आणि ते योग्यच आहे. पण आज सहावी-सातवीत अडखळणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायला हवेत, आणि तो तास पोर्शनच्या हिशेबातून वगळायला हवा.