कॉम्प्युटरच्या पोटातली गारगोटी

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यात पीक विम्याच्या रांगा. सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन माणसं सकाळी सातलाच सेवा केंद्राच्या पायरीवर येऊन बसतात. अशाच एका केंद्रातून माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, कालधरून असंच करायलंय. एकबी साईट उघडंना. सर्व्हर डाउन म्हणावं तर शेजारच्या केंद्रात सगळं चालू हाय."

जाऊन पाहिलं. ब्राउझरमध्ये लाल त्रिकोण आणि खाली 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा. आधी येऊन गेलेल्या एका मेकॅनिकनं व्हायरस आहे, फॉर्मॅट मारावा लागेल, असं सांगितलं होतं. माझी नजर मात्र पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली गेली. तिथं तारीख होती १ जानेवारी २०१३.

"ही तारीख रोज अशीच होते का रे?"

"हो सर. रोज सकाळी. मी नीट करतो, दिवसभर ऱ्हाती. दुसऱ्या दिवशी परत तेच. काल-आज गर्दीत ध्यानातच नाही राहिलं."

एवढ्यावरच निदान झालं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपलं डिजिटल प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२० पासून दिलेल्या प्रमाणपत्राची मुदत ३९८ दिवसांहून जास्त असेल तर मोठे ब्राउझर ते स्वीकारतच नाहीत. कॉम्प्युटरला वाटतंय आज २०१३ साल आहे. समोरचं प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचंय. मग ब्राउझर दार बंद करतो, आणि ते बरोबरच करतो. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करायचा प्रयत्न करतं, पण फरक वर्षांचा असला की ते अनेकदा साधत नाही.

आता खरा प्रश्न. रात्री बोर्डाचं बटण बंद केलं, वीज पूर्ण तोडली, तरी चांगल्या कॉम्प्युटरला सकाळी तारीख कशी माहीत असते?

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. लिथियमचा, तीन व्होल्टचा. कॅबिनेटला वीज मिळत असेल, मग कॉम्प्युटर बंद का असेना, तोवर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, घड्याळाला पुरवठा चालू राहतो आणि सेलवर भार जवळपास पडत नाही. वीज तुटली की सेल कामाला लागतो. घड्याळ त्याच्याकडून काही मायक्रोअँपियर एवढाच प्रवाह घेतं. सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपियर-तास. पाच मायक्रोअँपियर धरून भागाकार करा, ४४,००० तास येतात, म्हणजे पाच वर्षं. आपल्याकडे रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय, त्यात भारनियमन, त्यात मे महिन्याचा उन्हाळा. सेलला विश्रांती कमी आणि उष्णता जास्त. केंद्रातला सेल मल्टिमीटरला लावला तर २.१ व्होल्ट दिसले. नव्यानं ३.२ दाखवले.

पण सेल नुसती शिदोरी पुरवतो. वेळ मोजणारी वस्तू वेगळी आहे, आणि तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच मी हा लेख घेतला.

लहानपणी माळावरून पांढऱ्या गारगोट्या गोळा करून रात्री अंधारात एकमेकींवर घासायचा खेळ तुम्ही खेळला असाल. आत क्षणभर फिकट पिवळसर उजेड चमकतो. मराठवाड्याचा मोठा भाग बेसाल्टवर, काळ्या फत्तरावर वसलेला आहे, आणि त्या लाव्ह्याच्या पोकळ्यांमध्ये ठिकठिकाणी गारगोटीचे स्फटिक तयार झालेले आहेत. जालन्याकडच्या खाणींत जांभळी गारगोटीही निघते. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची शिस्तीत बसलेली जाळी. १८८० मध्ये पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवून दिलं की हा स्फटिक दाबला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार दिसू लागतो. जाळीतले धन आणि ऋण भार दाबामुळे किंचित सरकतात, एवढंच त्यामागचं कारण. पुढच्याच वर्षी उलटंही सिद्ध झालं: स्फटिकाला व्होल्टेज दिलं की तो किंचित वाकतो.

या दोन गोष्टी एकत्र आणा. शाळेतला नादकाटा आठवा. एकदा ठोकला की तो स्वतःच्याच ठरलेल्या गतीनं थरथरतो. तसाच, पण काही मिलिमीटरचा नादकाटा गारगोटीतून कापायचा, हवा काढून टाकलेल्या चंदेरी नळीत बंद करायचा आणि त्याला वीज द्यायची. तो वाकतो, वाकल्यामुळे व्होल्टेज तयार होतं, ते व्होल्टेज वाढवून पुन्हा त्यालाच दिलं की तो पुन्हा वाकतो. झोका ज्या क्षणी परत येतो नेमका त्याच क्षणी हात लावावा, तसं. नादकाट्याचा आकार असा बेतलेला असतो की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. अनेक मदरबोर्डांवर तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी अशी ही नळी उघड्या डोळ्यांनी दिसते. (घड्याळासाठीचा क्वार्ट्झ आता खाणीतून आणत नाहीत. प्रचंड दाबाच्या लोखंडी भांड्यात काही आठवडे ठेवून तो वाढवतात.)

३२,७६८ हा विचित्र आकडा कशासाठी? दोनचा पंधरावा घात म्हणून. बटण दाबायचं पेन घ्या. एकदा दाबलं की टोक बाहेर, पुन्हा दाबलं की आत. दोन दाबांना टोक एकदा बाहेर येतं. आता अशी पंधरा पेनं ओळीनं लावली आहेत आणि प्रत्येकाचं टोक बाहेर आलं की ते पुढच्याचं बटण दाबतं, अशी कल्पना करा. पहिल्याला सेकंदात ३२,७६८ दाब, दुसऱ्याला १६,३८४, मग ८,१९२, आणि असं निम्मं निम्मं होत पंधराव्या पेनाचं टोक बरोबर सेकंदातून एकदा बाहेर येतं. चिपमध्ये पेनांच्या जागी फ्लिप-फ्लॉप नावाचे छोटे विद्युत परिपथ असतात. भागाकाराचं एवढं सोपं आणि इतक्या थोड्या विजेत चालणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. वारंवारता, म्हणजे सेकंदातल्या थरथरींची संख्या, याहून कमी घेतली तर नादकाटा मोठा होतो, जास्त घेतली तर सेल लवकर संपतो.

इथं थोडं थांबून एक बोलायलाच हवं. स्फटिकाच्या माळा आणि 'ऊर्जा देणारी' पदकं विकणारे लोक हल्ली क्युरी बंधूंचं नाव घेतात. "क्वार्ट्झमध्ये वीज असते, विज्ञानानं सिद्ध केलंय," असं सांगून हजारो रुपये उकळतात. स्फटिकात वीज साठलेली नसते. दाबलं, वाकवलं तर क्षणापुरतं व्होल्टेज येतं, सोडलं की जातं. मदरबोर्डवरचा नादकाटासुद्धा वीज तुटल्यावर सेलशिवाय थंड पडतो, केंद्रात तेच तर घडलं होतं. गळ्यात स्वस्थ लोंबणारा मणी कोणालाच काही देत नाही. गारगोटीचं खरं कौतुक करायचं तर ती जे करते त्याचं करावं.

नादकाट्याला आपलं हवामानही कळतं. तो २५ अंशांच्या आसपास सर्वांत बरोबर चालतो. तिथून तापमान वर जावो की खाली, तो मागंच पडतो. फरकाच्या वर्गाला ०.०३४ नं गुणलं की दहा लाखांत किती भाग मागं पडला ते मिळतं. कॅबिनेटच्या आत ४५ अंश असतील तर फरक २०, वर्ग ४००, गुणाकार १३.६, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आत, महिन्याला ३५ सेकंद. परभणीच्या कडाक्याच्या थंडीत, १० अंशांवर, दिवसाला पाऊण सेकंदाहून थोडं कमी. म्हणजे परभणीतलं हे घड्याळ वैशाखातही मागं पडतं आणि पौषातही.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे घड्याळच नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला की माणसानं तारीख टाइप करायची. १९८४ च्या पीसी एटीत मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप आली. तिच्यात घड्याळ होतं आणि ६४ बाइटची इवलीशी स्मृती. १४ बाइट घड्याळाकडे, उरलेल्या ५० मध्ये हार्ड डिस्क कोणती, फ्लॉपी किती, अशा नोंदी. ही स्मृती सीमॉस नावाच्या, अगदी थोड्या विजेत चालणाऱ्या चिप-तंत्राची, वीज गेली की पुसली जाणारी, म्हणून तिलाही तोच सेल. प्रोसेसर ७० क्रमांकाच्या पोर्टला, म्हणजे ठरलेल्या पत्त्याला, विचारतो 'अमुक बाइट', आणि ७१ वर उत्तर येतं. हे आकडे सोळाच्या पायावरच्या गणनेतले आहेत. आजच्या चिपसेटमध्येही तेच दोन पत्ते जपलेले आहेत. सुरू करताना नोंदींची बेरीज तपासली जाते, किराणा बिलाच्या तळाशी एकूण जुळवतात तशी. बेरीज चुकली की पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' येतं आणि कारखान्यातल्या मूळ सेटिंग भरल्या जातात.

या सेटिंग जिथं दिसतात तो निळा-करडा किंवा हल्लीचा रंगीत पडदा म्हणजे फर्मवेअरचा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामचा, सेटअप. जुनं नाव बायोस, नवं यूईएफआय, लोक अजून बायोसच म्हणतात. बटण दाबताच प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं, रॅम कोरी असते. तो पहिली आज्ञा मदरबोर्डवरच्या एका चिपमधून वाचतो. त्याच सुमारास डिलीट किंवा एफ २ दाबत राहिलं की सेटअप उघडतो. नव्या मदरबोर्डांत बऱ्याच सेटिंग याच, वीज गेली तरी न पुसणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये राहतात, त्यामुळे सेल संपला तरी अनेकदा फक्त तारीखच जाते. जुन्यांत बाकीच्या सेटिंगही जातात, निदान सेल काढल्यावर तरी.

आणि इथंच लोक फसतात. हार्ड डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती असतात, जुनी 'आयडीई' आणि नवी 'एएचसीआय'; कोणती वापरायची ते सेटअपमधला 'साटा मोड' ठरवतो. केंद्रातली विंडोज 'आयडीई' पद्धतीनं बसवलेली होती. सेल बदलल्यावर मूळ सेटिंगनुसार साटा मोड 'एएचसीआय' झाला आणि विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर पडली. पोराचा चेहरा पडला. "सर, हार्ड डिस्क गेली का?" हार्ड डिस्क ठणठणीत होती. सेटअपमध्ये जाऊन मोड परत आयडीई केला, एफ १० दाबून सेव्ह केलं, विंडोज आली. याच जागी किती मशीन उगाच फॉर्मॅट झाली असतील, किती दुकानांचा हिशेब गेला असेल, या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणून सेटअपला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

सेल बदलताना प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मग खाचेतली पट्टी हळूच बाजूला करा. अधिकची खूण वर. जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते.

सेटअपमधली बाकीची पानं बहुतेकांनी तशीच ठेवावीत. 'ही गुप्त सेटिंग बदला, कॉम्प्युटर दुप्पट वेगवान' असे व्हिडिओ फिरतात. रॅमचा जाहीर केलेला वेग मिळवण्याची एक सोय खरी आहे, पण त्यातून दुप्पट काही होत नाही. व्होल्टेजला तर हातही लावू नये. फर्मवेअर अपडेट करायचंच असेल तर यूपीएसवर करा. मधेच वीज गेली तर ती पहिली आज्ञाच अर्धवट लिहिलेली राहते आणि पडदा काळाच राहू शकतो.

आपल्या भागासाठी एक सेटिंग मात्र मी आवर्जून पाहतो. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्यासारखं नाव असतं. वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं ते ती ठरवते: बंद राहायचं, सुरू व्हायचं, की आधी होतं तसं. आपल्याकडे वीज येते तीही एकदम नीट येत नाही, दोन-तीन हेलकावे देते, आणि 'सुरू' ठेवलेलं मशीन त्या प्रत्येक हेलकाव्याला उठून बसतं. केंद्रात ती 'सुरू' वर होती. मी 'बंद' केली, तारीख घातली, एफ १० दाबलं. सेलच्या शेजारी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करनं महिना आणि साल लिहून ठेवलं. साईट उघडली तेव्हा पायरीवरचे एक काका आत डोकावले. "मास्तर, झालं का चालू?" पोरानं त्यांच्या हातातला सातबारा घेतला आणि गट नंबर टाइप करायला लागला.