चूल कोणत्या विषयात मोडते?

चुलीत दिसणारी ज्योत खरं तर लाकडाची नसते. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात आणि पेट घेतात ते हे वायू. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण तीन चतुर्थांश भाग असा उडून जातो, मागे कोळसा उरतो. या वायूंना पुरेशी आच, पुरेशी हवा आणि त्या हवेत नीट मिसळायला वेळ मिळाला तर शेवटी उरतात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. यातलं एक जरी कमी पडलं तर धूर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. मग हा प्रश्न नक्की कोणाचा? गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत तो बऱ्याच शाखांनी हाताळला आणि प्रत्येकीने वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर काढलं.

आधी भौतिकशास्त्र. तीन दगडांची चूल वाटते तितकी वाईट जळत नाही. लाकडातली सुमारे ९० टक्के ऊर्जा ती मोकळी करते, पण भांड्यापर्यंत पोचते जेमतेम १०-१५ टक्के. बाकीची भिंतींना, हवेला आणि स्वयंपाक करणारीच्या चेहऱ्याला. उपाय सोपा वाटतो: भांडं ज्योतीच्या आणखी जवळ आणा. तिथेच मेख आहे. भांड्याचा थंड बूड ज्योतीला लागला की ज्योत निवते, वायू अर्धवट जळतात आणि काजळी वाढते. लाकूड वाचवायला गेलं तर धूर वाढू शकतो.

अभियंत्यांनी यातलं लाकूड वाचवणं निवडलं, आणि त्या काळात ते साहजिक होतं. १९७०च्या दशकात सगळीकडे जळणाच्या टंचाईची आणि उजाड डोंगरांची चर्चा होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा गट सुरू केला. रेड्डी मूळचे विद्युतरसायनशास्त्रज्ञ. या गटाने तीन भांड्यांची चूल तयार केली आणि तिची कार्यक्षमता चाचणीत ४० टक्क्यांच्या घरात नेली. धुराची सोय धुराड्याने करायची हा विचार त्याआधीचा. वर्ध्याच्या मगनवाडीत घडलेली ‘मगन चूल’ धुराड्याचीच होती. पण धुराडं धूर कमी करत नाही, फक्त घराबाहेर नेतं. शिवाय ते नको इतकी हवा ओढू लागलं की आचही सोबत बाहेर जाते.

या चाचण्या बहुतेक वेळा पाणी उकळून घेतल्या जायच्या. मोजायला ते सोयीचं, पण नुसतं उकळलेलं पाणी कोण जेवतं? आपल्याकडची भाकरीच घ्या. तव्याखाली रुंद, सारखी आच लागते. नंतर निखारे पुढे ओढून भाकरी त्यांना टेकवून उभी करायची, तेव्हा ती फुगते. सगळीकडून बंद, अरुंद तोंडाच्या नव्या चुलीत निखारे पुढे ओढणार कुठून? त्या तोंडात मावतील इतक्या बारीक ढलप्या रोज फोडायच्या कोणी? संशोधन अहवालात वाचवलेलं लाकूड दिसतं, वाढलेलं फोडकाम दिसत नाही. उलट आपल्या जुन्या चुलीला वैल असतो. पुढची आच मागे जाते आणि त्यावर आमटी कढत राहते. तो कोणी आखला हे कोणालाच माहीत नाही, पण माझ्या मते आरेखन म्हणून तो उत्तम आहे.

अर्थशास्त्रज्ञ बरेच उशिरा आले. तोवर केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होऊन २००२च्या सुमारास गुंडाळलाही गेला होता. रेमा हॅना, एस्थर ड्युफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून चुली वाटल्या आणि काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी श्वासावाटे धूर कमी गेला, पुढे फरक उरला नाही. चुली फुटल्या, धुराडी तुंबली, दुरुस्ती झाली नाही, वापर घटला. यावरून ‘सुधारित चुली फसल्या’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो मला घाईचा वाटतो. तपासली गेली ती धुराड्याची स्वस्त मातीची चूल. ग्रँट मिलर आणि मुश्फिक मुबारक यांच्या बांगलादेशातल्या अभ्यासात तर वेगळीच अडचण समोर आली: चांगली चूल बायकांना जास्त हवी होती, पण खरेदीचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

आणि चूल चांगली असली तरी? भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची चूल बाजारात आली. पुढे ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेली. शेतातल्या टाकाऊ मालाच्या गोळ्या तिचं इंधन. लाकडापेक्षा धूर कितीतरी कमी. महाराष्ट्रासह काही राज्यांत ती लाखांनी खपली. पण कच्चा माल महागला, गोळ्यांचे भाव चढले आणि घरोघरच्या चुली बंद पडल्या. ज्वलनाचं गणित बरोबर होतं, बाजाराचं नव्हतं.

आता गॅस आला आहे, २०१६पासून उज्ज्वला योजनेतून तर कोट्यवधी घरांत. तरी आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं आणि सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी जपून ठेवला जातो. विचारलं की मात्र ‘गॅसच वापरतो’ असं ऐकायला मिळतं. दारात आलेल्या साहेबाला दुसरं काय सांगणार? अशी उत्तरं भरवशाची नसतात म्हणून घरातल्या धुराचे अभ्यासक कर्क स्मिथ यांच्या गटाने उज्ज्वलाच्या आधीच चुलींवर बटणाएवढे तापमापक बसवायला सुरुवात केली होती. ते दर काही मिनिटांनी तापमान नोंदवत राहतात आणि चूल कधी पेटली, किती वेळ पेटती राहिली हे कोणाला न विचारता कळतं. नवी चूल आली म्हणून जुनी विझत नाही, दोन्ही जोडीने चालतात, हे अशा नोंदींतून आकड्यांनिशी दिसू लागलं.