पीटमध्ये सळई किती खोल जाते?

आयर्लंडमधल्या गॉलवे काउंटीत डेरीब्रायन म्हणून गाव आहे. तिथल्या डोंगरावर पवनचक्क्यांचं काम चालू होतं आणि १६ ऑक्टोबर २००३ ला अख्खा उतारच सुटला, साधारण साडेचार लाख घनमीटर माल खाली आला. दरड म्हणावं तर दगड नाही, माती म्हणावं तर ती पण धड नाही, ते होतं पीट (पीठ नव्हे हां, माझा फोन दर वेळी पीठच करतो). माणूस कोणी गेलं नाही हे नशीब, पण नंतर तो लगदा ओढ्यातून नदीत उतरला आणि अंदाजे ५० हजार मासे मेले.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पती. थंड, ओल्या जागी शेवाळ मरतं, पाण्याखाली हवा नसल्यामुळे ते नीट कुजत नाही, त्यावर नवीन शेवाळ वाढतं आणि असं वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर करत थर चढतो. म्हणजे ३ मीटर पीट हा ढोबळमानाने ३ हजार वर्षांचा साठा. वजनात ९० टक्के पाणीच. मला विचाराल तर ही जमीन नाहीच, उभं राहिलेलं पाणी आहे, आणि तिथला सर्व्हे पण तसाच समजून करावा लागतो. आपल्याकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्या जांभ्याच्या सड्यावर आहेत, तिथे फावडं मारलं तर हाताला झिणझिण्या येतील. इथे माणूसच गुडघ्यापर्यंत आत.

म्हणून पहिलं हत्यार एकदम साधं: एक बारीक सळई. तुकडे जोडत जोडत हाताने दाबत न्यायची, अडकली की किती आत गेली ते लिहायचं, पुढच्या ठिकाणी जायचं. स्कॉटलंडमध्ये आधी सगळ्या साइटवर १०० मीटरच्या चौकटीत असं टोचतात, मग जिथे रस्ता आणि पाया येणार तिथे खूप जवळजवळ. वाटतं तेवढं हे सोपं नाही, कारण सळई अडकली म्हणजे तळ लागला असं नसतं, पीटमध्ये हजारो वर्षं जुने झाडांचे बुंधे पुरलेले असतात, त्यावर आपटली तर खोली खोटीच कमी येते, आणि खाली मऊ चिकणमाती असली तर सळई तिच्यात पण घुसते आणि खोली जास्त दिसते. मुरलेला माणूस हातावरून ओळखतो, कातळ लागला तर खट्ट, खडी असेल तर करकर, चिकणमाती सळई धरून ठेवते.

मग नमुना काढतात आणि तो चक्क मुठीत पिळतात. पीट किती कुजलंय ते सांगणारी फॉन पोस्ट नावाची मोजपट्टी आहे, १ ते १०. नुसतं स्वच्छ पाणी निघालं तर १, म्हणजे शेवाळ अजून जसंच्या तसं. सगळंच्या सगळं श्रीखंडासारखं बोटांमधून बाहेर आलं तर १०. लॅबचे रिपोर्ट यायचे तेव्हा येतील, हे तिथेच कळतं.

ताकद मोजायला दांड्याच्या टोकाला फुलीसारखी चार पाती असतात, ती आत घालून फिरवायची आणि किती जोर लागला ते बघायचं. पण पीटमध्ये तंतू असतात, ते पात्यांना अडकतात आणि आकडा असतो त्यापेक्षा चांगला येतो. त्यामुळे अशा एकट्या आकड्यावर पायाचं डिझाइन करणारा माणूस मला तरी धाडसी वाटतो.

ड्रिलिंगचं मशीन आणायचं तर रुंद पट्ट्यांचं, खाली लाकडी मॅट टाकून. कारण तपासायला म्हणून गेलेल्या गाडीच्या चाकोरीचाच चर झाला तर त्यातून पाणी वाहून जातं, पीट सुकतं, हवा लागली की कुजायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. जगाच्या जमिनीच्या फक्त ३ टक्के भागावर पीट आहे, पण त्यात जगातल्या सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन आहे. पवनचक्की तर कार्बन वाचवायला लावतोय ना!

या सगळ्या टोचाटोचीतून खोलीचा नकाशा बनतो आणि पवनचक्की थोडी इकडे तिकडे सरकवता येते, चार मीटर पीटवरून एक मीटरवर. जिथे सरकवता येत नाही तिथे रस्ता तरंगता करतात, म्हणजे पीट न काढता वरच प्लास्टिकची जाळी अंथरून तिच्यावर खडी. ग्लासगोजवळच्या व्हाइटलीला, जिथे २१५ पवनचक्क्या आहेत, असे रस्ते आहेत. आणि खड्ड्यातून निघालेलं पीट कुठे ठेवायचं ते आधीच ठरवायला लागतं, कारण पोकलेनने उपसून तिथेच उतारावर ढीग मारला तर खालच्या थराला तेवढं ओझं पण झेपत नाही.

डेरीब्रायनला पुढे ७० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, वीजही सुरू झाली. पण पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास नीट केला नाही म्हणून युरोपियन कोर्टाने २००८ ला आयर्लंडला दोषी धरलं, तरी ते निस्तरलं नाही, मग २०१९ ला ५० लाख युरो दंड आणि वर दिवसाला १५ हजार. शेवटी २०२२ मध्ये त्या काढून टाकायचं जाहीर झालं. काढायला क्रेन न्यायची ती पण त्याच पीटवरून.