युनियन कार्बाइड कारखाना परिसर, भोपाळ

भोपाळच्या उत्तर भागातील बंद कीटकनाशक कारखाना व त्याभोवतालची प्रदूषित जमीन. येथे १९६९ पासून कार्बारिल (व्यापारी नाव सेव्हिन) या कीटकनाशकाचे काम सुरू झाले. त्यासाठी लागणारे मिथिल आयसोसायनेट हे विषारी रसायन आधी अमेरिकेहून येई; १९८० च्या सुमारास ते येथेच तयार होऊ लागले. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची याच रसायनाची वायुगळती सर्वपरिचित असल्याने तिचे वर्णन येथे केलेले नाही.

माती व भूजलातील प्रदूषण त्या गळतीमुळे झाले, हा समज बराच रूढ आहे. तो ग्राह्य वाटत नाही. मिथिल आयसोसायनेटचे पाण्याशी संयोग होऊन लवकर विघटन होते. येथे सापडलेली द्रव्ये वेगळी आहेत : विद्रावक (इतर पदार्थ विरघळवणारा द्रव) म्हणून वापरलेले कार्बन टेट्राक्लोराइड, डायक्लोरोबेंझिने, हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन या कीटकनाशकाचे समघटक व पारा. ती उत्पादनकाळातील टाकाऊ मालातून आली असावीत. सांडपाण्यासाठी १९७७ च्या सुमारास बांधलेले बाष्पीभवन तलाव प्लॅस्टिकचे अस्तर असूनही झिरपत होते. १९८२ मधील कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात तशी नोंद आहे.

प्रदूषण किती पसरले याबद्दल मतभेद आहेत. नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) २०१० मध्ये भूजल सर्वसाधारणपणे दूषित नसल्याचे म्हटले व मोजक्या विहिरींतील दोषाचा संबंध पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याशी जोडला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीतील संस्थेला २००९ मध्ये सुमारे ३ किमी. अंतरावरील भूजलातही कीटकनाशकांचे अंश आढळले होते. क्लोरीनयुक्त विद्रावके पाण्याहून जड असल्याने जलधराच्या (भूजल साठवणाऱ्या थराच्या) तळाकडे उतरतात व उथळ नमुन्यांतून निसटू शकतात. हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक ठरते. आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता.

जमीन १९९८ मध्ये राज्य शासनाकडे परत आली. आवारात विखुरलेला घातक कचरा २००५ मध्ये गोळा करून गोदामात ठेवला गेला. तो जर्मनीला नेऊन जाळण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये फिसकटला. मध्य प्रदेशातच इंदूरजवळील पीथमपूर येथे २०१५ मध्ये १० टनांचे चाचणी-दहन झाले. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून तिकडे नेण्यात आला. स्थानिकांचा विरोध तीव्र होता. तरी चाचण्यांनंतर जूनअखेर दहन पूर्ण झाले. ‘नीरी’च्या २०१० च्या अंदाजानुसार सुमारे ११ लाख टन असलेली दूषित माती या कामात धरलेली नव्हती.