रॉकेटला बसवलं आणि माँट्रियल पेटलं

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मोसमात सर्वाधिक गोल मारणाऱ्याला १९९९ पासून मोरीस ‘रॉकेट’ रिशारच्या नावाचा करंडक मिळतो. ही हॉकी बर्फावरची, चेंडूऐवजी रबरी चकतीची. ध्यानचंदांच्या हॉकीशी तिचं नात्यापेक्षा नामसाधर्म्यच जास्त. पण रिशारची कारकीर्द समजून घ्यायला गोलांच्या तक्त्याआधी माँट्रियल शहर बघावं लागतं.

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या या शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे. कारखाने, बँका, मोठ्या कंपन्या मात्र तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. मजूर फ्रेंच, साहेब इंग्रज, आणि साहेबाशी बोलायचं ते साहेबाच्याच भाषेत. रिशार १९२१ मध्ये जन्मला तो असल्याच एका कामगाराच्या घरात. वडील कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेत, आणि मुलगाही यंत्रकाम शिकलेला.

१९४२ मध्ये तो माँट्रियल कॅनेडियन्स संघात आला आणि पहिल्याच मोसमात १६ सामने खेळून जायबंदी झाला. त्याआधीही हाडं मोडली होतीच. हा पोरगा काचेचा आहे, असं लोक म्हणू लागले. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचं वजन नऊ पौंड, म्हणून त्याने ९ क्रमांकाची जर्सी मागून घेतली. संघातल्या एल्मर लॅक आणि टो ब्लेक यांच्या जोडीने तो सुटला तो सुटलाच. डिसेंबर १९४४ मध्ये दिवसभर घरसामान हलवून दमलेल्या रिशारने रात्री डेट्रॉइटविरुद्ध ५ गोल मारले आणि आणखी ३ गोलांना हातभार लावला. त्या मोसमात ५० सामन्यांत ५० गोल झाले. तोवर एवढे गोल एका मोसमात कुणीच केले नव्हते.

यश वाढलं तसा मारही वाढला. प्रतिस्पर्धी त्याला धरत, ढकलत, डिवचत; आणि रिशार गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. दंड भरायचा तो बहुधा त्यानेच. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल इंग्रजी भाषक, पेशाने वकील. फ्रेंच खेळाडूंना एक न्याय आणि इतरांना दुसरा, ही फ्रेंच प्रेक्षकांची जुनी तक्रार. १९५४ मध्ये रिशारने वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात कॅम्पबेलना हुकूमशहा म्हटलं. त्याला माफी मागावी लागली आणि चांगल्या वर्तनाची हमी म्हणून १,००० डॉलर ठेवावे लागले. फटका तोंडाला नव्हे, स्वाभिमानाला बसला.

१३ मार्च १९५५ ला बोस्टनमध्ये तिथल्या संघाच्या हॅल लेकोची काठी रिशारच्या डोक्याला लागली, रक्त आलं. रिशारने त्याला काठीने झोडपलं आणि आवरायला आलेल्या पंचालाही ठोसा मारला. यात रिशारचा दोष नव्हता असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण कॅम्पबेलनी साखळीचे उरलेले तीन सामने आणि सगळी बाद फेरी, एवढी बंदी घातली. १७ तारखेला ते स्वतः माँट्रियलच्या फोरम या बंदिस्त मैदानात सामना बघायला येऊन बसले, तेव्हा अंडी आणि टोमॅटो सुरू झाले, मग अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. डेट्रॉइट ४-१ ने पुढे होतं. सामना त्यांनाच बहाल झाला. बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर दुकानांच्या काचा फुटल्या, लूट झाली. दुसऱ्या दिवशी रिशारनेच रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं.

त्या मोसमातला गुणांचा मुकुटही गेला. गोल आणि गोलाला दिलेला पास मिळून त्याचे ७४ गुण होते. ७५ करून पुढे गेला तो त्याच्याच संघातला बर्नी जोफ्रियाँ. आपल्याच खेळाडूने गोल केला म्हणून घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! हा मुकुट रिशारला कधीच मिळाला नाही.

पुढे टो ब्लेक प्रशिक्षक झाला, रिशार कर्णधार झाला आणि कॅनेडियन्सनी १९५६ ते १९६० सलग पाच वेळा लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कप, जिंकला. ५०० गोलांपर्यंत पोहोचलेला तो पहिला खेळाडू. निवृत्त झाला तेव्हा साखळीतले ५४४ गोल नावावर होते. त्याच १९६० साली क्यूबेकमध्ये झाँ लसाज यांचं सरकार आलं आणि फ्रेंच भाषकांच्या हक्कांचं राजकारण उघडपणे सुरू झालं. अनेक अभ्यासक त्याची चाहूल त्या मार्चच्या रात्रीत ऐकतात. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते, पण पूर्ण खोटंही नाही. स्वतः रिशारला विचारलं तर तो एवढंच म्हणे, की मी साधा हॉकी खेळणारा माणूस. २००० मध्ये तो गेला तेव्हा क्यूबेकने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.